लिनक्सवर दुसरा मॉनिटर दिसतच नाही? ड्रायव्हरला हात लावायच्या आधी हे क्रमाने बघा

केबल लावली, मॉनिटरवर 'नो सिग्नल' आणि सेटिंगमध्ये फक्त एकच स्क्रीन, असं झालं की बहुतेक जण लगेच ड्रायव्हर उडवून परत टाकायला जातात नाहीतर सरळ डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरा असा लिनक्सचा प्रकार) बदलतात. इंटेलचा आय९१५, एएमडीचा एएमडीजीपीयू आणि एनव्हिडिया कार्डांसाठीचा नूव्हो हे तिन्ही ओपन सोर्स ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतात, म्हणजे विंडोजसारखं वेगळा सेटअप काढून परत टाकणं हा प्रकारच इथे नाही, आणि मॉनिटर नक्की कुठे अडकलाय ते कर्नल स्वतःच सांगतो, फक्त त्याला विचारायला लागतं. म्हणून आधी विचारा, मग दुरुस्ती.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा, पोर्टांची नावं मात्र (एचडीएमआय-ए-१, व्हीजीए-१ अशी) यादीत मोठ्या-लहान अक्षरांत जशी दिसतील तशीच लिहा, स्पेलिंगचा घोळ होईल तिथे अक्षरं फोडून दिलीत.

कर्नलला काय दिसतंय?

टर्मिनल उघडा आणि हे चालवा:

ग्रेप . /सिस/क्लास/डीआरएम/*/स्टेटस

ग्रेपनंतर स्पेस, एक टिंब, परत स्पेस आणि मग पाथ. सिस म्हणजे एस-वाय-एस. उत्तरात प्रत्येक पोर्टची एक ओळ येते, कार्ड१-एचडीएमआय-ए-१, कार्ड१-डीपी-१, लॅपटॉप असेल तर ईडीपी-१ म्हणजे त्याची स्वतःची स्क्रीन, आणि पुढे कनेक्टेड किंवा डिसकनेक्टेड लिहिलेलं असतं. कार्डाचा नंबर तुमच्याकडे शून्य असेल नाहीतर दोन असेल, त्याने फरक पडत नाही.

आता चारच शक्यता उरतात. एक, तुमच्या पोर्टची ओळच नाही. दोन, ओळ आहे पण डिसकनेक्टेड. तीन, कनेक्टेड आहे पण मॉनिटरची माहिती म्हणजे ईडीआयडी मिळालेला नाही. चार, सगळं मिळालंय तरी डेस्कटॉप तो मॉनिटर वापरत नाही. तुमची केस कुठली ते ठरवा आणि त्याच भागावर या, बाकीचे सध्या सोडून द्या.

तिसरी की चौथी ते कळायला ईडीआयडी फाइलचे बाइट मोजा:

डब्ल्यूसी -सी /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड१-एचडीएमआय-ए-१/ईडीआयडी

१२८, २५६ किंवा असा १२८ च्या पटीतला आकडा आला तर माहिती मिळालीये, शून्य आला तर नाही. एलएस कमांडने साइझ बघू नका कारण तिथे ही फाइल भरलेली असली तरी शून्यच दिसते आणि माणूस उगाच चुकीच्या वाटेला लागतो.

पोर्टची ओळच नसेल तर

म्हणजे त्या पोर्टच्या जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) ड्रायव्हर चढलेलाच नाही, किंवा तो पोर्ट कुठल्याच चालू जीपीयूला जोडलेला नाही.

असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर आधी केबल कुठे खुपसलीये ते बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं, रायझनच्या ५००० सीरिजपर्यंत नावात जी नसलेल्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरांचंही तेच, त्यामुळे मदरबोर्डवर एचडीएमआय पोर्ट दिसत असला तरी त्यातून काही निघणार नाही, केबल ग्राफिक्स कार्डालाच लावायला हवी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असूनही वेगळं कार्ड बसवल्यावर बरेच मदरबोर्ड इनबिल्टवालं बंद करून टाकतात, एक मॉनिटर कार्डाला आणि एक मदरबोर्डला लावायचा असेल तर बायॉसमध्ये जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा तशा नावाचं सेटिंग चालू करा.

मग हे बघा:

कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन

यात नोमोडसेट हा शब्द दिसला तर कारण सापडलं. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी येते म्हणून 'सेफ ग्राफिक्स' निवडलेलं असतं आणि तो शब्द तसाच मागे राहतो, मग ड्रायव्हर मोड (रिझोल्युशन वगैरे) सेट करायचं कामच घेत नाही, बायॉसने दिलेल्या एकाच स्क्रीनवर सगळं चालतं, आणि वरच्या यादीत बऱ्याचदा फक्त 'अननोन-१' नावाचा एक कनेक्टर दिसतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमधून तो शब्द काढा, उबुंटू, मिंट, डेबियनवर सुडो अपडेट-ग्रब चालवा आणि रीबूट करा. फेडोरावर ग्रबी नावाची कमांड आहे, सुडो ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --रिमूव्ह-आर्ग्स=नोमोडसेट, यातलं ऑल मोठ्या अक्षरात.

नोमोडसेट नसेल तर एलएसपीसीआय -के चालवा. व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर, थ्रीडी कंट्रोलर किंवा डिस्प्ले कंट्रोलर अशा प्रत्येक नोंदीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ हवी. ती नसली तर पुढची दोन कारणं जास्त करून निघतात.

पहिलं म्हणजे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम). ड्रायव्हर ओपन असला तरी एएमडीच्या आणि एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना सुरू व्हायला कंपनीच्या फर्मवेअर फाइल लागतातच. सुडो डीमेसेजच्या (डी-एम-ई-एस-जी) आउटपुटमध्ये फर्मवेअर हा शब्द शोधा, 'फेल्ड विथ एरर -२' असं दिसलं तर वजा दोन म्हणजे फाइल सापडली नाही. उबुंटूवर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अपडेट करा, डेबियन १२ वर एएमडीसाठी फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स आणि बाकीच्यांसाठी फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री. डेबियनचा इन्स्टॉलर १२ व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२३ पासून हे आपोआप देतो, पण जुन्या डेबियनवरून अपग्रेड करत आलेल्या मशीनवर सोर्सेस लिस्टमध्ये नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभाग हाताने घालावा लागतो. उबुंटूवर कर्नल हाताने टाकलेला असेल तर लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेज राहून गेलंय का तेही बघा.

दुसरं कारण नूव्होवाल्यांसाठी. कधीतरी एनव्हिडियाचा स्वतःचा बंद (क्लोज्ड सोर्स) ड्रायव्हर टाकला आणि मग काढला, तरी /ईटीसी/मॉडप्रोब.डी किंवा /यूएसआर/लिब/मॉडप्रोब.डी मध्ये 'ब्लॅकलिस्ट नूव्हो' ही ओळ राहून जाते आणि नूव्हो कधी चढतच नाही. एनव्हिडियाची उरलेली पॅकेजं काढा, ती ओळ काढा, मग इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला चढणारी छोटी इमेज) नव्याने बनवा (डेबियन-उबुंटूवर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, फेडोरावर ड्रॅकट -एफ, आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ आणि पुढे मोठा पी). आरटीएक्स ४० सीरिजचं कार्ड असेल तर कर्नल किमान ६.७ हवा, कारण नूव्हो ती कार्डं जीएसपी (कार्डातला एक छोटा प्रोसेसर) फर्मवेअरमार्फतच चालवतो आणि तो सपोर्ट ६.७ मध्ये आला.

ओळ आहे पण डिसकनेक्टेड

सगळ्यात जास्त केसेस इथल्याच, म्हणून हा भाग नीट वाचा.

एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी इथे चारच महत्त्वाच्या. १८ नंबरवरून कॉम्प्युटर ५ व्होल्ट देतो, मॉनिटर १९ नंबरची पिन वर उचलून कळवतो की मी जोडलेलो आहे (हीच हॉट प्लग डिटेक्ट), आणि १५ व १६ वरून ईडीआयडी वाचला जातो. म्हणजे केबलच्या बाकी तारा धडधाकट असल्या आणि एवढ्यातली एखादी तुटकी असली तरी ड्रायव्हरच्या दृष्टीने तिथे मॉनिटर नाहीच. 'टीव्हीला सेट टॉप बॉक्स लावला की हीच केबल चालते' एवढ्यावरून केबल चांगली ठरत नाही, कारण काही उपकरणं समोर कोण आहे न बघताच सिग्नल सोडतात.

तेव्हा खरोखर दुसरी, आखूड, ॲडॅप्टर नसलेली केबल लावून बघा. मॉनिटरचं इनपुट बटणाने हाताने निवडा, ऑटोवर सोडू नका. मॉनिटरची पॉवर केबल भिंतीतून काढून एक मिनिट थांबा आणि परत लावा, लाईट जाऊन आल्यावर काही मॉनिटरांचं आतलं सर्किट अडकून बसतं आणि नुसतं पॉवर बटण दाबून ते सुटत नाही.

ॲडॅप्टर असेल तर संशय त्याच्यावर. डिस्प्लेपोर्ट-टू-एचडीएमआय केबल एकाच दिशेने चालते, कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटं लावलं तर काहीच होणार नाही, त्यासाठी वेगळा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुतेकदा यूएसबीने पॉवर द्यावी लागते. स्वस्तातले एचडीएमआय-टू-व्हीजीए डोंगल पॉवर त्या १८ नंबरच्या पिनेवरून ओढतात, तिथे स्टँडर्डप्रमाणे फक्त ५५ मिलिअँपिअरची हमी आहे, त्यामुळे एका लॅपटॉपवर चालणारा डोंगल दुसऱ्यावर मेल्यासारखा पडून राहतो आणि लोक ड्रायव्हरला दोष देतात. बाजूला मायक्रोयूएसबीचं भोक असलेला डोंगल घ्या, थोडे पैसे जास्त जातील पण डोकेदुखी वाचेल.

यूएसबी-सी असेल तर प्रत्येक सी पोर्टातून व्हिडिओ येत नाही, त्या पोर्टाला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड हवा, पोर्टाशेजारी डीपीचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह आहे का बघा नाहीतर लॅपटॉपच्या मॉडेलची स्पेसिफिकेशन वाचा. केबलही व्हिडिओ नेणारी हवी, फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबलांतून फक्त चार्जिंग आणि यूएसबी २ चा डेटा जातो.

डॉकमध्ये डिस्प्लेलिंकची चिप असेल तर हा मार्ग पूर्ण वेगळा. एलएसयूएसबी चालवा, १७ई९ हा व्हेंडर नंबर दिसला तर तो मॉनिटर तुमच्या जीपीयूला जोडलेलाच नाही, चित्र यूएसबीवरून डेटा म्हणून जातं. जुन्या यूएसबी २ वाल्या चिपांसाठी कर्नलमध्ये यूडीएल ड्रायव्हर आहे, नव्यांना ईव्हीडीआय मॉड्यूल आणि त्याच्याबरोबर कंपनीचा बंद सॉफ्टवेअर भाग लागतो. एएमडीजीपीयू किंवा आय९१५ मध्ये काहीही बदललं तरी त्या मॉनिटरला फरक पडणार नाही.

एवढं करूनही डिसकनेक्टेडच असेल तर आता ही परीक्षा घ्या, मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. एका टर्मिनलमध्ये हे चालू ठेवा:

यूडेवॲडम मॉनिटर --कर्नल --सबसिस्टम-मॅच=डीआरएम

(पहिला शब्द यू-डी-ई-व्ही-ए-डी-एम.) आता केबल काढा, पाच सेकंद थांबा, परत लावा. ओळ उमटली तर हॉट प्लगचा निरोप ड्रायव्हरपर्यंत पोचतोय. काहीच उमटलं नाही तर हाताने तपासणी करायला लावा:

इको डिटेक्ट | सुडो टी /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड१-एचडीएमआय-ए-१/स्टेटस

(टी म्हणजे टी-ई-ई, इको म्हणजे ई-सी-एच-ओ) आणि स्टेटस परत वाचा. आता कनेक्टेड झालं तर वायर ठीक आहे, मॉनिटर ठीक आहे, फक्त निरोप हरवतोय. दोन जीपीयूवाल्या लॅपटॉपवर हे जीपीयू झोपलेला असल्यामुळे होतं, त्याबद्दल पुढे लिहिलंय. व्हीजीएला मात्र हॉट प्लगची पिनच नसते, तिथे कर्नल दर १० सेकंदांनी स्वतः डोकावतो, म्हणून व्हीजीए लावल्यावर जरा वाट बघा. डिटेक्ट लिहूनही डिसकनेक्टेडच राहिलं तर शक्यता जवळजवळ पूर्णपणे केबल, ॲडॅप्टर किंवा पोर्टकडे जाते, तोच मॉनिटर त्याच केबलने दुसऱ्या मशीनवर लावून खात्री करा.

दोन जीपीयूवाले लॅपटॉप

गेमिंग लॅपटॉपमध्ये आतली स्क्रीन इंटेल किंवा एएमडीच्या इनबिल्ट जीपीयूवर आणि एचडीएमआय पोर्ट मात्र थेट एनव्हिडियाला जोडलेला, अशी रचना खूप सापडते. म्हणजे एनव्हिडियाचा ड्रायव्हर चढला नाही तर एचडीएमआय पोर्ट लिनक्सच्या लेखी अस्तित्वातच नाही. स्टेटसच्या यादीत एचडीएमआय कुठल्या कार्डाच्या नावाने येतो ते बघितलं की तुमची वायरिंग कळते. एलएसपीसीआयमध्ये एनव्हिडिया 'थ्रीडी कंट्रोलर' म्हणून दिसत असेल तर सहसा त्याला बाहेरचा कुठलाच पोर्ट जोडलेला नसतो, मग एचडीएमआय इनबिल्टवर शोधा.

बॅटरी वाचवायला वापरात नसलेला जीपीयू पूर्ण झोपतो आणि काही मशीनवर केबल लावल्याने जागाच होत नाही. /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड१/डिव्हाइस/पॉवर/रनटाइम_स्टेटस वाचा, सस्पेंडेड असेल तर त्याच फोल्डरमधल्या कंट्रोल फाइलमध्ये ऑन लिहा (वरच्यासारखंच इको आणि सुडो टीने) आणि केबल परत लावा. याने काम झालं तर कायमसाठी कर्नल पॅरामीटर आहे (बूट होताना कर्नलला दिलेला शब्द, नोमोडसेट असतो तिथेच लिहायचा), नूव्होला नूव्हो.रनपीएम=० (एन-ओ-यू-व्ही-ई-ए-यू) आणि एएमडीला एएमडीजीपीयू.रनपीएम=०. बॅटरी चांगलीच लवकर संपेल, त्यामुळे लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावर चार्जरला लावलेला असतो त्यांनीच हे कायम ठेवावं.

डेस्कटॉप स्क्रीनवर दाखवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. कर्नलला मॉनिटर दिसतोय पण एक्स११ मध्ये दिसत नाही, असं असेल तर एक्सरँडआर (एक्स-आर-ए-एन-डी-आर) --लिस्टप्रोव्हायडर्स चालवा. दोन प्रोव्हायडर (म्हणजे जीपीयू) दिसले तर एक्सरँडआर --सेटप्रोव्हायडरआउटपुटसोर्स १ ० आणि मग एक्सरँडआर --ऑटो. वेलँडवर ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप हे काम आपलं आपण करतात.

कनेक्टेड आहे पण ईडीआयडी शून्य

याची ओळखीची खूण म्हणजे कितीही मोठा मॉनिटर असला तरी १०२४ गुणिले ७६८ च्या वर काही मिळतच नाही, कारण माहिती न मिळाल्यास कर्नल तेवढेच सुरक्षित मोड देतो. शाळा-कॉलेजातले व्हीजीए प्रोजेक्टर, भिंतीतून नेलेली लांब केबल, मधे स्प्लिटर किंवा केव्हीएम स्विच (एकाच मॉनिटरला अनेक कॉम्प्युटर जोडणारा), इथे हे कायम दिसतं. व्हीजीएमध्ये ईडीआयडी १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून येतो आणि स्वस्त केबलांमध्ये त्या पिना जोडलेल्याच नसतात. डीमेसेजमध्ये 'ईडीआयडी चेकसम इनव्हॅलिड' असं आलं तर माहिती येतेय पण वाटेत खराब होतेय, तेव्हाही केबलच पहिली बदला.

केबल बदलणं शक्य नसेल, म्हणजे ती भिंतीतच गाडलेली असेल, तर मोड सांगून टाका. कर्नल पॅरामीटरमध्ये:

व्हिडिओ=व्हीजीए-१:१२८०x८००@६०ई

शेवटचा ई म्हणजे जबरदस्तीने चालू. एचडीएमआय किंवा डीव्हीआय असेल तर ईच्या जागी मोठा डी. इथे नाव कर्नलचंच लागतं, कार्ड१- हा भाग सोडून. बरेच जण इथे अडकतात, कारण तोच पोर्ट कर्नलमध्ये एचडीएमआय-ए-१, एक्सरँडआरमध्ये एचडीएमआय-१ आणि जुन्या इंटेल एक्स ड्रायव्हरमध्ये नुसता एचडीएमआय१ असतो, चुकीचं नाव दिलं तर तुमच्या पोर्टवर काहीच परिणाम होत नाही आणि वाटतं की पॅरामीटरच चालत नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे खरा ईडीआयडी मिळवणं. तोच प्रोजेक्टर किंवा मॉनिटर आखूड केबलने दुसऱ्या लिनक्स लॅपटॉपला लावा, तिथली ईडीआयडी फाइल कॅटने कॉपी करून घ्या आणि ईडीआयडी-डिकोड या टूलने तपासा की त्यात बरोबर नाव आणि रिझोल्युशन आहेत. आपल्या मशीनवर रीबूट न करता आधी चाचणी घ्या, रूट (म्हणजे ॲडमिन) होऊन ती फाइल /सिस/कर्नल/डीबग/डीआरआय/ मधल्या आपल्या कार्डाच्या, आपल्या कनेक्टरच्या फोल्डरमधल्या ईडीआयडी_ओव्हरराइडमध्ये कॅटने ओता आणि मग स्टेटसमध्ये डिटेक्ट लिहा. चाललं तर फाइल /लिब/फर्मवेअर/ईडीआयडी/ मध्ये ठेवा (फोल्डर नसेल तर बनवा) आणि पॅरामीटर द्या:

डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=व्हीजीए-१:ईडीआयडी/प्रोजेक्टर.बिन

ग्राफिक्स ड्रायव्हर बूटच्या अगदी सुरुवातीला चढत असेल तर ही फाइल इनिटरॅमएफएसमध्येही असायला हवी, नाहीतर ड्रायव्हर शोधतो तेव्हा डिस्क अजून उघडलेलीच नसते. आर्चवर एमकेइनिटसीपीआयओच्या कॉन्फमध्ये फाइल्स (मोठ्या अक्षरात) या ओळीत, फेडोरावर ड्रॅकटच्या कॉन्फमध्ये इन्स्टॉल_आयटम्समध्ये पूर्ण पाथ घाला आणि इमेज नव्याने बनवा.

सगळं दिसतंय पण डेस्कटॉप ऐकत नाही

हे त्यातल्या त्यात सोपं. जुनं सेव्ह झालेलं सेटिंग आडवं येतं, ग्नोममध्ये होम फोल्डरच्या .कॉन्फिग मधली मॉनिटर्स.एक्सएमएल आणि केडीईच्या प्लाझ्मा ६ मध्ये तिथलीच केविनआउटपुटकॉन्फिग.जेसन (सुरुवात के-डब्ल्यू-आय-एन), फाइलचं नाव बदलून ठेवा आणि लॉगआउट करून परत या. एक्स११ वर /ईटीसी/एक्स११ (इथला एक्स मोठा) मध्ये कधीकाळची झोर्ग.कॉन्फ (एक्स-ओ-आर-जी) पडली असेल तर तीही बाजूला करा, आता तिची गरज क्वचितच लागते. वेलँड सेशनमध्ये एक्सरँडआरवर विसंबू नका, तो खऱ्या पोर्टांची अवस्था दाखवत नाही, केडीईवर केस्क्रीन-डॉक्टर -ओ वापरा.

तिसरा मॉनिटरच चालू होत नसेल तर हार्डवेअरची मर्यादा तपासा. इंटेलच्या सँडी ब्रिज ग्राफिक्सला एका वेळी दोनच स्क्रीन जमतात, आयव्ही ब्रिजपासून तीन, टायगर लेकपासून चार. पोर्ट किती आहेत त्याचा इथे संबंध नाही. आणि एएमडी कार्डावर एचडीएमआयने ४के १२० हर्ट्झ मिळत नाही म्हणून हैराण असाल तर ते तुमच्या सेटिंगमुळे नाही, ओपन ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणायचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला होता. एवढं काम करून ठेवलेलं असताना वापरणाऱ्यांना ते मिळू नये हे मला अजूनही पटत नाही. नवीन मॉनिटर घेताना डिस्प्लेपोर्ट असलेलाच घ्या.

तरीही नाही जमलं तर

जुन्या कर्नलवरून बूट करून बघा, ग्रबच्या (बूट होताना येणाऱ्या मेनूच्या) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीचे एक-दोन कर्नल असतात. जुन्यावर चालतंय आणि नव्यावर नाही हे कळलं तर डेव्हलपरच्या दृष्टीने ती सोन्यासारखी माहिती आहे. नवीन लॅपटॉप असेल तर उलटं करा, ताज्या फेडोराच्या लाइव्ह यूएसबीवरून चालवून बघा, कदाचित तुमच्या डिस्ट्रोचा कर्नलच मागे असेल.

मग बग नोंदवा. तिन्ही ड्रायव्हरांचे बग फ्रीडेस्कटॉप.ऑर्गच्या गिटलॅबवर घेतले जातात. केबल काढून ठेवा, रूट होऊन /सिस/मॉड्यूल/डीआरएम/पॅरामीटर्स/डीबग मध्ये ०एक्सई लिहा (शून्य, एक्स, ई), केबल लावा, अर्धा मिनिट थांबा आणि डीमेसेजचं सगळं आउटपुट फाइलमध्ये घ्या, त्यातला तुम्हाला महत्त्वाचा वाटतो तेवढाच तुकडा कापून देऊ नका. मग त्याच डीबगमध्ये ० लिहून लॉग बंद करा. बरोबर यूनेम -ए चं आउटपुट, लॅपटॉपचं किंवा कार्डाचं मॉडेल, मॉनिटरचं मॉडेल, मधे असलेला प्रत्येक ॲडॅप्टर, स्टेटसची यादी आणि ईडीआयडी फाइल जोडा. ईडीआयडीमध्ये मॉनिटरचा सीरियल नंबर असू शकतो, तो जाहीर करायचा नसेल तर फाइल न जोडता ईडीआयडी-डिकोडचं आउटपुट सीरियलच्या ओळी काढून द्या.